मुलांच्या हातात फोन दिला, पुढे काय? फोटोव्हॉइस पद्धतीबद्दल



मागच्या लेखात प्रश्नावली कशी तयार करायची ते बघितलं. त्यात एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती. माझ्या प्रश्नावलीत एक साधा प्रश्न आहे: "पाण्याचं भांडं झाकून ठेवता का?" पायलटच्या वेळी सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी हा प्रश्न विचारला आणि जवळजवळ सगळीकडे एकच उत्तर आलं, "हो, झाकतो की!" उत्तर देणाऱ्या बाईंच्या पाठीमागे उघडा ड्रम असायचा. त्यांनाही माहीत, मलाही दिसतोय. मी "हो"वर टिक करायचे आणि पुढच्या घरी जायचे.

कुणी मुद्दाम खोटं बोलत होतं असं नाही. दारात वही-पेन घेऊन आलेल्या माणसाला बरं वाटेल असं उत्तर देणं हा आपला सगळ्यांचाच स्वभाव. पुस्तकात याला सोशल डिझायरेबिलिटी बायस म्हणतात. पण माझ्या पीएच.डी.चा विषयच घरात साठवलेलं पाणी हा आहे. उजनीची पाइपलाइन, भीमेवरचा टाकळीचा बंधारा, हिप्परग्याचा तलाव, एवढं सगळं असूनही सोलापुरात नळाला वर्षानुवर्षं काही दिवसांआडच पाणी येत आलंय. त्यामुळे ड्रम, पिंप, घागर, हंडा, बादली, जे मिळेल ते भरून ठेवावं लागतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे झाकणाचा प्रश्न हा माझ्यासाठी फॉर्म भरण्यापुरता प्रश्न नाही. तोच खोटा पडत असेल तर बाकीचे आकडे घेऊन काय करायचं?

गाइडसरांना सांगितलं. ते म्हणाले, "घरातल्या पोरांना विचार. त्यांना फोटो काढायला लाव." मला हे इतकं सोपं वाटलं की मी त्याच आठवड्यात ओळखीच्यांकडून चार जुने स्मार्टफोन गोळा केले. त्यानंतर एथिक्स कमिटीची परवानगी मिळेपर्यंत चार महिने ते फोन माझ्या कपाटात पडून होते. तेव्हा वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही. त्या चार महिन्यांत जे वाचलं आणि नंतर जे घडलं ते इथे लिहितेय. तुमच्यापैकी कुणाला सिनॉप्सिसमध्ये "मुलांनी काढलेले फोटो" असं टाकायची इच्छा होत असेल (हल्ली बऱ्याच जणांना होते) तर आधी हे वाचा.

आधी थोडं मागे जाऊ

गरिबीचे फोटो जगात कमी नाहीत. लुइस हाइन यांनी १९०८ पासून अमेरिकेतल्या गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले आणि बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला त्यांचा फार उपयोग झाला. पण त्यात मुलं कॅमेऱ्यासमोर आहेत. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात आहे, चौकटीत काय घ्यायचं ते तो ठरवतोय.

संशोधनाच्या बाजूने बघितलं तर १९५७ साल महत्त्वाचं. जॉन कॉलिअर या मानववंशशास्त्रज्ञाने एक प्रयोग मांडला: मुलाखत घेताना समोर फोटो ठेवले तर काय होतं? माणसं जास्त नेमकं बोलतात, आठवणी निघतात, कंटाळत नाहीत. या पद्धतीला फोटो एलिसिटेशन म्हणतात. इथेही फोटो मात्र संशोधकाचेच असायचे.

मुलांच्या हातात कॅमेरा देऊन त्यांना नीट शिकवणारी व्यक्ती म्हणून मला सगळ्यात आवडलेलं नाव वेंडी इवाल्ड यांचं. १९७० च्या दशकाच्या मध्यात त्या अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या भागात गेल्या आणि तिथल्या लहान शाळांतल्या मुलांना फोटोग्राफी शिकवायला लागल्या. नुसतं बटण दाबायला नाही. मुलं डार्करूममध्ये स्वतःचे प्रिंट स्वतः काढायची. त्यांचं त्या कामावरचं पुस्तक १९८५ साली आलं. पुढे त्या गुजरातमधल्या विछिया गावातल्या मुलांबरोबरही राहिल्या. त्यांनी मुलांना दिलेले विषय चार: मी, माझं कुटुंब, माझी वस्ती आणि माझी स्वप्नं. पहिले तीन समजले. चौथा वाचून माझं सायन्सचं डोकं अडलं. स्वप्नाचा फोटो कसा काढणार? तोच मुद्दा आहे. स्वप्न समोर उभं नसतं, त्यामुळे मुलाला ते रचावं लागतं. कुणाला कुठे उभं करायचं, काय दाखवायचं, काय लपवायचं हे ठरवावं लागतं. एकदा हे केलं की मुलाला कळतं की फोटो "निघत" नाही, तो "केला" जातो. हे कळलेलं मूल आणि न कळलेलं मूल यांच्या फोटोंत फार फरक असतो.

आता ज्या शब्दासाठी तुम्ही हा लेख उघडला तो शब्द. चीनच्या युन्नान प्रांतात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी ६२ ग्रामीण स्त्रियांना कॅमेरे दिले आणि स्वतःचं रोजचं जगणं, आरोग्य, काम यांचे फोटो काढायला सांगितलं. १९९४ च्या निबंधात त्यांनी याला "फोटो नॉव्हेला" म्हटलं होतं, १९९७ च्या निबंधात "फोटोव्हॉइस" हे नाव पक्कं झालं. मागे तीन गोष्टींचा आधार: ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांचं शिक्षणविषयक काम, स्त्रीवादी सिद्धान्त आणि डॉक्युमेंटरी फोटोग्राफी. हेतूही तीन: लोकांनी आपल्या वस्तीतलं बरं आणि वाईट दोन्ही नोंदवावं, त्यावर गटात बोलावं, आणि ते निर्णय घेणाऱ्यांपर्यंत जावं. युन्नानमध्ये हा तिसरा टप्पा खरंच झाला. शेतात जाणाऱ्या बायांच्या लहान मुलांना सांभाळणार कोण, बाळंतपणाला सुईण कुठे, मुलींची शाळा का सुटते, हे विषय फोटोंतून वर आले आणि त्यावर काही सोयीही झाल्या.

व्हायवात विचारतील म्हणून सांगते: या पद्धतीत फोटोंचं विश्लेषण तीन पायऱ्यांनी होतं. फोटो निवडणं, त्यामागची गोष्ट सांगणं, आणि मग त्यातून मुद्दे आणि थीम काढणं. लक्षात घ्या, पहिल्या दोन पायऱ्या फोटो काढणाऱ्याच्या आहेत. तिसरीतही तो हवा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत मुलांकडून फोटो घेतात आणि तिन्ही पायऱ्या संशोधक आपल्या टेबलावर बसून करतो. त्याला काहीही म्हणा, फोटोव्हॉइस म्हणू नका.

सोनागाचीचा सिनेमा

हा विषय निघाला की कुणीतरी लगेच "बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स"चं नाव घेतंच. झाना ब्रिस्की या छायाचित्रकार कोलकात्याच्या सोनागाचीत गेल्या, तिथल्या वेश्यावस्तीत वाढणाऱ्या मुलांना कॅमेरे दिले, शिकवलं. रॉस कॉफमन यांच्यासोबत केलेल्या या माहितीपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळालं. मुलांचे फोटो विकून त्यांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला गेला. त्यातला एक मुलगा तर फोटोंच्या जोरावर ॲम्स्टरडॅमला जाऊन आला.

मी हा सिनेमा एम.एस्सी.ला असताना बघितला तेव्हा रडले होते. पीएच.डी.साठी परत बघितला तेव्हा वही घेऊन बसले आणि वेगळेच प्रश्न लिहिले गेले. मुलांनी काढलेले फोटो फार सुंदर आहेत, पण सिनेमात त्यांच्या आया कशा दिसतात? बहुतेक वेळा ओरडणाऱ्या, मुलांच्या वाटेत उभ्या असलेल्या. सोनागाचीतल्या स्त्रियांची स्वतःची संघटना, दुर्बार महिला समन्वय समिती, १९९० च्या दशकापासून तिथे काम करत होती. सिनेमात ती जवळजवळ नाहीच, आणि यावर टीकाही झाली. मुलांचे चेहरे आणि नावं जगभर गेली. आज आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, ज्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही, फोटोसुद्धा, प्रसिद्ध करायला मनाई आहे.

ब्रिस्कींनी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. त्या मुलांना शिकवायला किती वर्षं थांबल्या, किती शाळांचे उंबरे झिजवले, ते दिसतं. पण मुलांचे फोटो बाजूला राहून मुलांना कॅमेरा देणाऱ्याचीच गोष्ट मोठी होण्याचा धोका असतो. तो मला माझ्या प्रोजेक्टमध्येही दिसत होता. सेमिनारमध्ये लोक मला "किती छान उपक्रम!" म्हणायचे. मुलांनी काय म्हटलं ते कुणी विचारायचं नाही.

महाराष्ट्रात मला जास्त उपयोगी पडलेलं उदाहरण मुंबईचं. अर्जुन अप्पादुराई यांनी सुरू केलेल्या "पुकार" या संस्थेत वस्त्यांतली तरुण मुलं गट करून आपापल्या परिसरावर स्वतः संशोधन करतात. फोटो काढणं, मुलाखती घेणं, नोंदी ठेवणं हे त्यातलंच. त्यांना "बेअरफुट रिसर्चर" म्हणतात. २००६ मध्ये अप्पादुराईंनी लिहिलं की संशोधन करता येणं हा हक्क आहे, तो फक्त विद्यापीठातल्या लोकांचा नाही. पीएच.डी.ला बसणाऱ्या माणसाने हा निबंध वाचावाच. आपण चार वर्षं ज्या गोष्टीसाठी धडपडतो ती दुसऱ्या कुणाची तरी रोजची गरज असू शकते, हे वाचून जरा जमिनीवर यायला होतं. मुंबईतच २००६ पासून पार्थो भौमिक दृष्टिहीन मुलांना फोटोग्राफी शिकवतात. आवाज, स्पर्श, उन्हाची ऊब यांवरून ती मुलं फोटो रचतात. "फोटो म्हणजे डोळ्याचं काम" हा समज घट्ट असेल तर तेही शोधून बघा.

रविवारचा वर्ग

पूर्व भागातल्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी वर्ग घ्यायचे. दहा ते तेरा वयाची आठ मुलं. बहुतेकांच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी. काहींच्या आया बिड्या वळतात, काहींचे वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. मला सगळी "अक्का" म्हणायची.

पहिले दोन रविवार फोन काढलाच नाही. पुठ्ठ्यात काड्यापेटीएवढी खिडकी कापून प्रत्येकाला दिली. ती डोळ्याजवळ धरली तर सगळं दिसतं, हात लांब केला तर थोडंच दिसतं. "आता खिडकीच्या बाहेर काय राहिलं ते सांगा" हा खेळ. हा खेळ खेळलेलं मूल पुढे फोटो बघून आपोआप विचारतं, बाजूला काय होतं?

मग उजेड. एका खोलीच्या घरात उजेड एकाच जागेतून येतो, दारातून. दाराकडे पाठ करून उभं राहिलं की समोरच्या वस्तूवर उजेड पडतो. दाराकडे तोंड केलं की सगळं काळं. फ्लॅश बंद. जुन्या फोनची लेन्स हाताच्या तेलाने धुरकट झालेली असते, आधी शर्टाने पुसायची (अर्धे "खराब" फोटो यामुळेच असतात). ड्रमचा फोटो बाजूने काढला तर ड्रम दिसतो, वरून काढला तर पाणी दिसतं, त्यामुळे दोन्ही काढायचे. आणि एका आठवड्यात फक्त बारा फोटो. ही अट मीच घातली. फोनमध्ये हजार फोटो मावतात, म्हणून तर निवड होत नाही.

विषय दिला: आमच्या घरातलं पाणी.

पहिल्या आठवड्यात काय आलं? शेळीचं पिल्लू. तारेवर अडकलेला पतंग. आजी. परत आजी. एका मुलाचे बाराच्या बारा फोटो मामाच्या बुलेटचे. पाण्याचे फोटो अगदी मोजके. मी मनातून वैतागले, कारण डेटा नव्हता. मग इवाल्ड आठवल्या. त्यांचा पहिला विषय "मी" असतो, "माझ्या घरातली समस्या" नसतो. मी मुलांना फोन दिला होता, पण डोळे माझेच वापरायला सांगत होते. पुढचे दोन आठवडे विषयच काढून टाकला. बुलेट संपल्यावर पाणी आलं.

एका मुलीने आजीच्या हातांचा फोटो आणला होता, हातात बिडीचं पान, मांडीवर सूप. मी तर तयारच होते: श्रम, वय, असंघटित कामगार, थीम नंबर एक. विचारलं, हा का काढलास? ती म्हणाली, "उजेड चांगला होता." एवढंच. मी शिकवलेलं तिने केलं होतं आणि मी त्यात गरिबी शोधत बसले होते.

आता मुख्य फोटो. एका मुलाने आणलेला: नळाखाली मोठा निळा ड्रम, तोंड सताड उघडं, आत नळाची पाइप सोडलेली, तळाशी थोडंसं पाणी. मी वहीत लिहिलं, "झाकण नाही, निष्काळजीपणा". नशीब, पेन्सिलने लिहिलं. कारण नंतर गटात फोटोव्हॉइसचे ते नेहमीचे पाच प्रश्न घेतले. ते साधारण असे: इथे काय दिसतंय? खरं काय चाललंय? याचा आपल्या जगण्याशी काय संबंध? हे असं का आहे? आणि याबद्दल काय करता येईल?

पहिल्या प्रश्नाला त्याने माझ्यासारखंच उत्तर दिलं: उघडा ड्रम. दुसऱ्या प्रश्नाला म्हणाला, "अक्का, पाणी रात्री कधी येतंय माहीत नसतं की. दोनला येतं, चारला येतं. म्हणून पाइप ड्रममध्ये सोडून झोपायचं. रिकाम्या ड्रममध्ये धार पडली की ढब-ढब आवाज होतो, मम्मी उठती. झाकण लावलं तर आवाज येत नाही."

बाकीची मुलं लगेच बोलायला लागली. आमच्यात पण तसंच. आमच्यात ड्रमखाली ताट ठेवतात, त्याचा आवाज मोठा. तेलुगू, मराठी, हिंदी एकत्र, मला रेकॉर्डिंग तीनदा ऐकावं लागलं.

म्हणजे उघडा ड्रम हे गजराचं घड्याळ होतं. हे माझ्या प्रश्नावलीत कुठेच बसत नाही. "झाकता का? हो / नाही / कधीकधी." आणि हे नुसत्या फोटोतही नाही. तो फोटो मी एकटीने कोड केला असता तर "निष्काळजीपणा" असाच प्रबंधात छापला असता, पुराव्यासकट. आधी माझ्याकडे फक्त चुकीचं उत्तर होतं, आता चुकीच्या उत्तराला फोटोचा आधार मिळाला असता. तुम्ही सायन्सचे असाल तर असं समजा: फोटो हा नमुना आहे, रीडिंग नाही. रीडिंग मूल बोलतं तेव्हा मिळतं.

शेवटच्या प्रश्नाला, काय करता येईल, त्याच मुलाचं उत्तर होतं: "पाणी कधी सोडणार ते आधी सांगायचं." मी जनजागृती, झाकणवाटप असलं काहीतरी लिहायच्या तयारीत होते.

"हा नको"

संमतीबद्दल मी आधी जे समजत होते ते फॉर्मपुरतं होतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात ते बारा वयाच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंतच्या मुलांची लेखी मान्यताही हवी, तिला असेंट म्हणतात. फोटोव्हॉइसमध्ये यावर आणखी थर चढतात. वांग यांनी २००१ मध्ये एका सहलेखिकेबरोबर याच पद्धतीच्या नैतिकतेवर लिहिलंय: फोटो काढणाऱ्याची संमती वेगळी, फोटोत दिसणाऱ्याची वेगळी, आणि फोटो छापण्याची वेगळी. हे तीन फॉर्म मी केले होते, मराठीत आणि तेलुगूत. फाइल छान दिसत होती.

फोटो म्हणजे काय हे प्रत्येक वस्तीत वेगळं असतं, हेही फॉर्मवर येत नाही. वर्गाची जागा शोधताना मी आधी सेटलमेंट भागात गेले होते. तिथल्या एका आजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोंद कुठं होणार?" ज्यांच्या घरांत गुन्हेगार जमाती कायद्याच्या, तारेच्या कुंपणाच्या, रोजच्या हजेरीच्या आठवणी आहेत, त्यांच्यासाठी तो प्रश्न अगदी रास्त आहे. तो १८७१ चा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण नोंद हा शब्द गेला नाही. मी तिथे वर्ग घेतला नाही. माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

आणि मग पाचव्या की सहाव्या रविवारी एक फोटो आला. अकरा वर्षांची मुलगी, वर्गातली सगळ्यात नेटकी. तिच्या फोटोत पुढे पाण्याचा ड्रम, वर ॲल्युमिनियमची परात, परातीवर दगड. मला हवा होता तसाच: उजेड बरोबर, वरून काढलेला, झाकण स्पष्ट. मी तो लॅपटॉपवर मोठा केला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अक्का, हा नको की."

का, ते मला मग दिसलं. वरच्या कोपऱ्यात, ड्रमच्या मागे, भिंतीला टेकून तिची धाकटी बहीण बसली होती. सात-आठ वर्षांची असेल. मांडीवर सूप, बोटांत पान.

बिडी वळणं हे १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या मनाईच्या यादीत पहिल्यापासून आहे. हे त्या मुलीला कलमासकट माहीत नसेल, पण फोटो चुकीच्या माणसाने बघितला तर आईचं काम जाऊ शकतं, कुणी चौकशीला येऊ शकतं, हे तिला पक्कं माहीत होतं. ही गोष्ट तिला माझ्या आधी दिसली. खिडकीच्या बाहेर काय राहिलं, खिडकीच्या आत चुकून काय आलं, हे मीच शिकवलं होतं.

मी हा प्रसंग, कुणाचंही नाव न घेता, एका चर्चेत मांडला. बहुतेकांचं म्हणणं पडलं, "क्रॉप करा ना, कोपराच तर आहे." सोपं वाटतं. पण क्रॉप केलेल्या फोटोची मूळ फाइल कुठेतरी राहते. फोनच्या फोटोत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा लिहिलेली असते, त्याला एक्झिफ डेटा म्हणतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो निघून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतो. वर्गाच्या आधी सगळ्या फोनचं लोकेशन बंद करा, हे मी पाचव्या आठवड्यात शिकले. पहिल्या आठवड्यात शिकायला हवं होतं.

दुसऱ्या कुणी विचारलं, "मुलगी बालमजुरी करतेय हे दिसल्यावर तुम्ही गप्प बसणार?" हा प्रश्न जड आहे आणि मला तो टाळता येत नाही. मी त्या घरी गेले, फोटोचा विषय न काढता आईंशी बोलले. धाकटी शाळेत जाते का, केव्हा बसते कामाला. त्या म्हणाल्या, शाळेतून आल्यावर, हजारी पूर्ण होत नाही तेव्हा. हजारी म्हणजे हजार बिड्या, मजुरी त्यावर मिळते. शाळेतल्या बाईंशी ओळख काढून धाकटीला संध्याकाळी अभ्यासिकेत बसवायचं ठरलं. ती येते, रोज नाही. यापेक्षा जास्त काही मी केलं असं म्हणता येणार नाही. पण तिच्या बहिणीने माझ्या पाण्याच्या प्रोजेक्टसाठी काढलेला फोटो घेऊन मी कुणाकडे जाणार नव्हते. तो त्यासाठी दिलेला नव्हता, आणि खरं तर दिलेलाच नव्हता. "नको" म्हटलं होतं.

मग उरला माझा डेटा. मी वहीत आधीच लिहिलं होतं: "घर क्र. ५, ड्रम, परात + दगड, झाकलेला." फोटो पुसला तरी ही ओळ ठेवायची का? ओळीत ना चेहरा, ना बहीण. गाइडसरांना विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "तिनं काय परत घेतलं, कागद की माहिती?" फोटो परत घेतला म्हणजे त्या फोटोतून आलेलं सगळं परत घेतलं. मी ती ओळ खोडली. माझ्या टेबलात घर क्रमांक ५ समोर रकाना रिकामा आहे आणि खाली तळटीप आहे: सहभागीने माघार घेतली. कमिटीत कुणी विचारलंच तर एवढंच उत्तर.

पुढच्या रविवारी मी तिला शेजारी बसवलं आणि तिच्यासमोर फोटो डिलीट केला, फोनमधूनही आणि लॅपटॉपमधूनही. तिने फोन माझ्या हातातून घेतला, गॅलरीत खाली खाली जाऊन "रिसेंटली डिलीटेड" उघडलं, तिथला फोटोही पुसला, आणि मग विचारलं, "आता या आठवड्याचे बारा काढू का अकरा?"